घरातील यंत्राचा परवाना : डाकघरातील पुस्तिकेपासून पडद्यावरील ‘मान्य आहे’पर्यंत

१/
भंडारा जिल्ह्यातील एखाद्या जुन्या घराच्या कपाटात आजही रेडिओ परवान्याची पुस्तिका सापडू शकते. त्याच घरातील संगणकाच्या पेटीवर विंडोजचे फिकट झालेले स्टिकर असते. दोन्ही परवानेच. पहिला शासनाने दिलेला, दुसरा कंपनीने. घरातील यंत्रावरचा अधिकार एका हातातून दुसऱ्या हातात कसा गेला, त्याचा हा इतिहास. #थ्रेडकर

२/
१८८५ चा भारतीय तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी संदेशविषयक कायदा यांमुळे रेडिओ ऐकण्याचा संच घरी बाळगण्यासाठीही परवाना आवश्यक ठरला होता. त्याआधी, १९२७ मध्ये इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे प्रसारण मुंबईतून सुरू झाले, तेव्हाही श्रोत्याला वर्षाला १० रुपये परवाना शुल्क भरावे लागे.

३/
१६ जुलै १९४८ रोजी आकाशवाणीचे नागपूर केंद्र सुरू झाले. भंडारा तेव्हा मध्य प्रांत व वऱ्हाडाचा भाग होता. रेडिओधारक डाकघरात जाऊन शुल्क भरत असे आणि त्याच्या पुस्तिकेत तिकिटे चिकटवली जात. नियम जाचक होता, पण त्याचा कर्ता ठाऊक होता. कायदा छापील, शुल्क जाहीर आणि विचारणा करण्यासाठी समोर खिडकी होती.

४/
१९८० च्या दशकाच्या मध्यात हे परवाने रद्द झाले. घरातले यंत्र मोकळे झाले, असे वाटावे असा तो काळ. मात्र नेमक्या त्याच सुमारास दुसऱ्या परवान्याचा पाया घातला गेला. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात, म्हणजेच कॉपीराइट कायद्यात, १९८४ साली दुरुस्ती झाली आणि संगणकाच्या प्रोग्रॅमला ‘साहित्यकृती’चा दर्जा मिळाला.

५/
त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये केंद्र शासनाचे नवे संगणक धोरण आले आणि संगणकांची आयात सुलभ झाली. यंत्र देशात येण्याचा मार्ग आणि त्या यंत्राच्या आत्म्यावरचा मालकी हक्क, दोन्ही एकाच वर्षी आकाराला आले.

६/
ऑपरेटिंग सिस्टीम ही ‘साहित्यकृती’ कशी? कायद्याच्या दृष्टीने ती कोणीतरी लिहिलेली असते, म्हणून. पण कादंबरी आणि प्रोग्रॅम यांत एक मूलभूत भेद आहे. कादंबरी वाचताना तिची प्रत काढावी लागत नाही. प्रोग्रॅम वापरायचा तर तो आधी हार्ड डिस्कवर आणि मग संगणकाच्या स्मृतीत उतरवावा लागतो. म्हणजे वापर म्हणजेच प्रत.

७/
आणि प्रत काढण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा. त्यामुळे पुस्तक विकत घेणाऱ्याला कधीच न पडलेला प्रश्न संगणक घेणाऱ्यापुढे पहिल्याच दिवशी उभा राहतो : हे चालवायला परवानगी कोणाची? ऑपरेटिंग सिस्टीमच्या परवान्याचे सारे सामर्थ्य या एका तांत्रिक वस्तुस्थितीतून आले आहे.

८/
प्रोग्रॅम ही स्वतंत्र विक्रीची वस्तू आहे, ही कल्पनाही फार जुनी नाही. १९६९ मध्ये आयबीएमने यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची किंमत वेगळी करण्याचे जाहीर केले. १९७६ मध्ये तरुण बिल गेट्सने संगणकाच्या हौशी मंडळींना खुले पत्र लिहून, फुकट प्रती वाटणे ही चोरी असल्याचे बजावले.

९/
१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला. त्याची ऑपरेटिंग सिस्टीम मायक्रोसॉफ्टने पुरवली, पण ती इतर उत्पादकांनाही देण्याचा हक्क स्वतःकडे राखून. हा हक्क निर्णायक ठरला. यंत्रे अनेकांची, परवाना देणारा एक, अशी रचना त्यातून जन्मली.

१०/
भारतात १९९४ च्या दुरुस्तीने कायद्याला दात दिले. कलम ६३ब नुसार अनधिकृत प्रत ‘जाणूनबुजून’ संगणकावर वापरणे हाच गुन्हा ठरला. शिक्षा किमान ७ दिवस, कमाल ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. प्रत विकणाराच नव्हे, तर वापरणाराही कायद्याच्या कक्षेत आला.

११/
मात्र याच कलमात घर आणि दुकान यांत भेद केला आहे. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय कारावास टाळू शकते आणि ५० हजार रुपयांपर्यंतचा दंड करू शकते. घरगुती वापर निर्दोष ठरत नाही, पण कायदा त्याला एकाच मापाने मोजत नाही.

१२/
हे नियम जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोहोचले ते २००१ नंतर. त्या वर्षी महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे शासकीय नोकरीसाठी संगणकाचे प्रमाणपत्र महत्त्वाचे ठरले आणि तुमसर, साकोली, पवनीसारख्या गावांत संगणक केंद्रे रुजली. सराव घरी व्हावा म्हणून अनेक कुटुंबांनी संगणक घेतला.

१३/
तो बहुधा ‘असेंबल्ड’ असे. सुटे भाग जोडणारा दुकानदारच विंडोज टाकून देई. पावतीवर मदरबोर्ड, रॅम, मॉनिटर यांची नोंद. ऑपरेटिंग सिस्टीमची ओळ असेलच असे नाही. ती ओळ नसणे म्हणजे काय, हे विचारावे असे ग्राहकाला ठाऊकच नसे.

१४/
वास्तविक परवान्याचे प्रकार तीन. यंत्रासोबत येणारा ओईएम परवाना त्या यंत्राशीच बांधलेला असतो. यंत्र मोडीत गेले की तोही गेला. स्वतंत्र विकत घेतलेला रिटेल परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो, पण एका वेळी एकाच. संस्थांसाठीचा व्हॉल्यूम परवाना घरासाठी नसतोच.

१५/
ऑक्टोबर २००१ मध्ये विंडोज एक्सपीसोबत ‘ॲक्टिव्हेशन’ आले. संगणकाच्या भागांवरून एक ओळख तयार होई आणि ती परवान्याच्या क्रमांकाशी जोडली जाई. ३० दिवसांत हे न केल्यास वापर अडे. रेडिओच्या काळी तपासनीस दारात येत असे, आता तो यंत्रातच बसला.

१६/
दुकानदारांची जबाबदारी न्यायालयांनीही अधोरेखित केली. अनधिकृत सॉफ्टवेअर भरून संगणक विकणाऱ्या एका विक्रेत्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये १९.७५ लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. फिर्यादी मायक्रोसॉफ्ट होती. त्या संगणकांच्या ग्राहकांचे पुढे काय, हा प्रश्न खटल्याचा विषय नव्हता.

१७/
आता या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित तरतूद. १९९९ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये एक छोटा खंड घातला : स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, व्यापारी हेतू नसलेल्या वैयक्तिक वापरासाठी प्रोग्रॅमची प्रत किंवा रूपांतर करणे हा प्रताधिकाराचा भंग नाही. प्रत नष्ट होण्याच्या भीतीने राखीव प्रत ठेवण्याची मुभाही त्याच कलमात आहे.

१८/
मर्यादाही ध्यानात घ्यावी. हा हक्क ‘कायदेशीर प्रती’पासून सुरू होतो, शेजाऱ्याकडून आणलेल्या सीडीपासून नव्हे. २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणे हा २ वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे. त्यामुळे ‘क्रॅक’ला १९९९ चा आधार मिळत नाही.

१९/
मग ग्राहक नेमके काय विकत घेतो? २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने माध्यमावरील तयार सॉफ्टवेअर हा ‘माल’ असल्याचे म्हटले. २०२१ मध्ये करविषयक खटल्यात त्याच न्यायालयाने स्पष्ट केले, की अंतिम वापरकर्त्याला प्रताधिकार मिळत नाही, मिळते ती प्रताधिकार असलेली वस्तू.

२०/
परवान्याचा अर्थ उलटवणारी परंपराही याच काळातली. १९८९ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल परवाना आला. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, आणि पुढच्यालाही हेच हक्क द्या, एवढीच त्याची अट. १९९१ मध्ये जन्मलेल्या लिनक्सने पुढच्या वर्षी तो स्वीकारला. शब्द तोच, ‘परवाना’. पण येथे तो मनाई करण्यासाठी नव्हे, मोकळीक टिकवण्यासाठी लिहिला गेला.

२१/
या परंपरेवरच सीडॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली उभारली. तिच्यात मराठीची सोय आहे. एकच सीडी घेऊन भंडाऱ्यातील दहा घरांत ती टाकली, तरी कोणताही कायदा मोडत नाही. तरीही ती घरोघरी गेली नाही, कारण प्रशिक्षण, दुकानदाराचा हात आणि नोकरीची अपेक्षा, तिन्हींची सवय विंडोजची होती.

२२/
१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि ती अनेक जुन्या यंत्रांत नाही. पैसे भरून घेतलेला परवाना वैधच राहतो, फक्त सुरक्षेची भर थांबते. परवाना जिवंत आणि यंत्र चालू, पण दोहोंचे भवितव्य तिसऱ्याच्या हाती, अशी स्थिती रेडिओच्या पुस्तिकेने कधी आणली नव्हती.

२३/
डाकघरातल्या परवान्याला लोकसभेत प्रश्न विचारता येत होता, म्हणूनच तो एक दिवस रद्दही होऊ शकला. ‘मान्य आहे’ या कळीमागचा करार असा रद्द होत नाही. तो दर आवृत्तीगणिक नव्याने लिहिला जातो. घरच्या वापरकर्त्याच्या बाजूने संसदेने लिहिलेल्या ओळी मोजक्याच आहेत. संगणक घेताना पावतीवर ऑपरेटिंग सिस्टीमची नोंद मागून घेणे, ही त्या ओळींचा लाभ मिळण्याची पहिली पायरी.

(समाप्त)