आधी परवाना, मग संसद

नोव्हेंबर १९९२ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात एक खटला अचानक कोसळला. आरोपी होते कॉव्हेंट्रीच्या मॅट्रिक्स चर्चिल कंपनीचे तीन अधिकारी. इराकला यंत्रे विकताना त्यांचा लष्करी उपयोग त्यांनी लपवला, असा जकात खात्याचा आरोप होता. प्रत्यक्षात सरकारला त्या उपयोगाची कल्पना होती, हे माजी मंत्री अॅलन क्लार्क यांच्या साक्षीतून उघड झाले. बचावाला हवे असलेले सरकारी कागद रोखण्यासाठी मंत्र्यांनी गोपनीयतेच्या दाखल्यांवर सह्याही केल्या होत्या.

मग संसदेला काय ठाऊक होते? इराण-इराक युद्ध लांबेल वा चिघळेल असे साहित्य विकायचे नाही, हे धोरण १९८५ साली सभागृहात जाहीर झाले होते. १९८८च्या युद्धबंदीनंतर कनिष्ठ मंत्र्यांनी ते आपसात शिथिल केले. सदस्य प्रश्न विचारत राहिले. धोरण बदललेले नाही, अशीच उत्तरे मिळत राहिली.

न्या. रिचर्ड स्कॉट यांचा सुमारे १,८०० पानांचा चौकशी अहवाल फेब्रुवारी १९९६ मध्ये आला. चर्चेअंती सरकार ३२० विरुद्ध ३१९ मतांनी तरले. एकाही मंत्र्याचे पद गेले नाही.

त्या काळी निर्यातीवरचे नियंत्रण १९३९च्या युद्धकालीन कायद्यावर चालत होते. त्याची जागा २००२च्या कायद्याने घेतली आणि संसदेपुढे वार्षिक अहवाल ठेवणे बंधनकारक झाले. मात्र परवाना देण्याआधी संसदीय समितीला दाखवावा, ही मागणी सरकारने फेटाळली. समितीने तपासायचे ते दिलेले परवानेच. स्वीडनमध्ये मात्र महत्त्वाच्या प्रकरणांत संसदेतील पक्षांच्या प्रतिनिधींची परिषद आधी सल्ला देते.

सैनिक न पाठवता लढता येऊ लागल्यावर हाच क्रम युद्धातही दिसला. ऑगस्ट २०१५ मध्ये ब्रिटिश रीपर ड्रोनने सीरियात रियाद खान या ब्रिटिश नागरिकाला ठार केले. संसदेची संमती तेव्हा फक्त इराकमधील हल्ल्यांना होती. पंतप्रधान कॅमेरून यांनी सभागृहाला ही कारवाई सांगितली ती ७ सप्टेंबरला.

स्कॉट चौकशीनंतर संसदेला माहिती अधिक मिळू लागली, हे खरे. पण निर्णय थांबवता येईल अशा वेळी ती मिळत नाही, तोवर तिच्या देखरेखीला हिशेबतपासणीपलीकडे अर्थ उरत नाही.