आईची साखर आणि बाळाचे इन्सुलिन

बर्लिन विद्यापीठात १८२४ साली हाइनरिश बेनेविट्झ या तरुणाने वैद्यकाचा एक प्रबंध लॅटिन भाषेत सादर केला. त्यात २२ वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत आहे. तिची ही पाचवी खेप. तहान काही केल्या भागत नव्हती आणि लघवीतून साखर जात होती. मूल जन्मतानाच दगावले. त्याचे वजन भरले १२ पौंड! बाळंतपणानंतर मात्र आईच्या लघवीतली साखर नाहीशी झाली. गरोदरपणी उद्भवणाऱ्या मधुमेहाची ही पहिली तपशीलवार नोंद मानतात. आई आजाराने खंगत असताना पोटातले मूल एवढे वाढले कसे? या कोड्याला सव्वाशे वर्षे समाधानकारक उत्तर नव्हते.

टोरोंटो येथे १९२१-२२ मध्ये इन्सुलिन हाती आले आणि मधुमेही स्त्रियांची बाळंतपणे सुखरूप होऊ लागली. सुखरूप, पण आईपुरती. मुले शेवटच्या आठवड्यांत पोटातच, नाहीतर जन्मल्यावर लगेच दगावत. बॉस्टनच्या डॉ. प्रिसिला व्हाइट यांना यामागे स्त्री-संप्रेरकांचा असमतोल दिसला. त्यांनी स्टिलबेस्ट्रॉल हे कृत्रिम संप्रेरक द्यायला सुरुवात केली. त्यांच्या रुग्णांची मुले अधिक वाचत, हे खरे; परंतु त्याचे श्रेय औषधाला द्यायचे की त्या घेत असलेल्या डोळ्यांत तेल घालून काळजीला? ब्रिटनमध्ये तुलनात्मक चाचणी झाली आणि १९५५ साली निष्कर्ष आला, की संप्रेरकांचा काही उपयोग नाही. निरुपयोगी ठरले एवढ्यावर भागले नाही. गर्भपात टळावा म्हणून हेच औषध असंख्य स्त्रियांना दिले जात होते. त्यांच्या काही मुलींना तरुणपणी योनिमार्गाचा दुर्मिळ कर्करोग झाल्याचे १९७१ मध्ये उघड झाले.

असमतोल होता, पण तो दुसऱ्याच संप्रेरकाचा. कोपनहेगनचे डॉ. यॉर्गन पेडरसन यांनी १९५२ च्या सुमारास मांडलेली उपपत्ती फळ्यावर दोन बाण काढून समजावता येईल. वार म्हणजे देवडीवरचा पहारेकरी. तो आईच्या रक्तातील ग्लुकोज आत सोडतो, इन्सुलिन मात्र बाहेरच अडवतो. साखर वाढली की गर्भाचे चिमुकले स्वादुपिंडच जादा इन्सुलिन करू लागते. गर्भात इन्सुलिन वाढीच्या संप्रेरकासारखे काम करते. चरबी साठते, यकृत मोठे होते, खांदे रुंदावतात आणि प्रसूती अडते. जन्मल्यावर नाळ कापली, की आईकडून येणारी साखर थांबते. पण बाळाचे इन्सुलिन रक्तात असतेच. त्यामुळे गुबगुबीत बाळाची साखर काही तासांत धोकादायक इतकी खाली येऊ शकते.

येथे लठ्ठपणाचा संबंध येतो. गर्भाला साखर कमी पडू नये म्हणून वारेतली संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा प्रभाव बोथट करतात. निरोगी स्त्रीचे स्वादुपिंड जादा इन्सुलिन करून तोल सांभाळते. लठ्ठ स्त्रीत हा प्रभाव आधीच बोथट झालेला असतो. त्यात ही भर. शिवाय तिच्या रक्तातील जादा स्निग्ध पदार्थही गर्भाच्या वाढीला हातभार लावतात. नऊ देशांतील सुमारे २५ हजार गरोदर स्त्रियांची पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात असे दिसले, की मधुमेहाच्या मर्यादेखालीही आईच्या साखरेबरोबर बाळाचे वजन व त्याचे इन्सुलिन चढत जाते. 'इथपर्यंत निर्धोक' अशी स्पष्ट रेघ सापडली नाही.

मग आपल्याकडच्या किडकिडीत आयांचे काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे स्नायूंनी रोड, पण त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून! पुण्यातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, लंडनच्या गोऱ्या बाळांपेक्षा इथल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्सुलिन जास्त निघाले. वजनकाट्याला यातले काही दिसत नाही. आईला लठ्ठपणा नसतानाही हे घडते. तिचे पोषण, विशेषतः ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, यात किती जबाबदार हा प्रश्न तिथून पुढे आला. त्या खेड्यांत जन्मलेली मुले वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांनाच ब-१२ देऊन पाहण्यात आले. आणि तपासले गेले ते त्यांच्या पोटी जन्मलेल्या बाळांच्या नाळेचे रक्त.