सदाफुली, इन्सुलिन आणि आमचा शेरू

आमचा शेरू तेरा वर्षांचा आहे. गेल्या महिन्यात त्याच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंना गाठी आल्या. दुखत नव्हत्या, म्हणून आम्हीही दुर्लक्ष केलं. तपासणीत लिम्फोमा निघाला, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग. डॉक्टर म्हणाले, “सर, नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर एक-दोन महिने बरे जातील. चार-पाच औषधांची केमो केली तर साधारण वर्षभर मिळू शकतं. पण रोग मुळापासून जाईल असं सांगत नाही.” केमोतलं पहिलं इंजेक्शन व्हिंक्रिस्टिनचं.

घरी येऊन वाचत बसलो. शिक्षकाची खोड! हे औषध सदाफुलीतून निघतं. मूळची मादागास्करची ही गुलाबी फुलं आपल्याकडे अंगणात, दर्ग्याच्या आवारात कुठंही दिसतात.

१९५२ साली जमैकातून कॅनडातल्या डॉ. क्लार्क नोबल यांच्याकडे या पानांचं एक पाकीट आलं. तिथले लोक मधुमेहावर त्यांचा काढा पीत. क्लार्क यांनी ती पानं धाकटा भाऊ रॉबर्ट यांच्या प्रयोगशाळेत पाठवली. उंदरांची साखर काही उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्यानं घटल्या. दुसऱ्या कुणी प्रयोग फसला म्हणून वही मिटली असती. रॉबर्ट नोबल आणि रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स बिअर यांनी त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं आणि १९५८ साली ते जगापुढे मांडलं. पुढे इलाय लिली या अमेरिकी कंपनीच्या संशोधकांना त्याच झाडात व्हिंक्रिस्टिन सापडलं. १९६३ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली.

मला थांबवलं ते क्लार्क नोबल या नावानं. १९२१ च्या उन्हाळ्यात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग यांना मदतीला एक विद्यार्थी हवा होता. चार्ल्स बेस्ट आणि हेच क्लार्क नोबल असे दोघं तयार होते. आधी कुणी जायचं हे नाणेफेकीवर ठरलं, असं सांगतात. बेस्ट जिंकले. मग त्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचं स्वादुपिंड काढून त्यांना मधुमेही केलं गेलं आणि दुसऱ्या कुत्र्यांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला गेला. कितीतरी कुत्री मेली. मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडाशिवाय सुमारे ७० दिवस जगली. त्या आधारावर जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं गेलं.

माझे अब्बा अठरा वर्षं इन्सुलिनवर आहेत. नमाजाच्या कपड्यांचा विचार करून त्यांनी शेरूला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. पायरीवर भाकरी मात्र स्वतः घालतात. त्यांना मार्जोरीची गोष्ट सांगितली. बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “त्या कुत्र्यांना कुणी विचारलं होतं का?”

मोहल्ल्यात एकानं टोकलंच, “सर, कुत्ते पे इत्ता खर्चा?” त्यांना मी इज्जुद्दीन इब्न अब्दुस्सलाम यांच्याविषयी सांगितलं. दमास्कसचे हे शाफई फकीह, ‘सुलतान-उल-उलमा’ म्हणून ओळखले जात. १२६२ साली कैरोत वारले. ‘कवाइद अल-अहकाम’ या ग्रंथात त्यांनी माणसावर असलेले जनावरांचे हक्क मोजलेत. त्यात आहे की जनावर म्हातारं किंवा आजारी होऊन निरुपयोगी झालं, तरी त्याचा खर्च मालकानं उचलायचा. ते गृहस्थ काही बोलले नाहीत. पटलं असेल असं नाही.

पण त्याच यादीत आणखी एक हक्क आहे : जनावरावर त्याच्या ताकदीबाहेरचं ओझं लादू नये. माझा प्रश्न तिथं अडला. पैसे मी कसेही उभे केले असते. दर आठवड्याला शीर शोधायची, औषध शिरेबाहेर सांडलं तर आसपासचं मांस जळतं म्हणून त्याला दाबून धरायचं, हे ओझं मात्र त्याचं होतं.

दोन इंजेक्शनं दिली. गाठी खरोखर विरघळल्या, गळा पुन्हा पूर्वीसारखा झाला. दुसऱ्या इंजेक्शननंतर मात्र तो चार दिवस जेवला नाही आणि रिक्षा दिसली की पलंगाखाली शिरू लागला. तिसऱ्या वेळी डॉक्टरांना फोन करून येत नाही म्हणून कळवलं. त्यांनी समजून घेतलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

हो, पलंगाखाली. घरातल्या. गेल्या आठवड्यात पाऊस होता, तेव्हा अब्बांनीच दार उघडं ठेवलं. आता नमाजाची चटई वरच्या खोलीत अंथरतात.