पंतोजीची शाळा : आळी आणि इयत्ता

जुन्या घराण्यांचे रुमाल सोडण्याचा ज्यांस परिपाठ आहे, त्यांच्या हातीं सनदा, कौलनामे व जमाखर्चाचे बंद यांच्या जोडीला मुलांनीं गिरवलेले मोडी कित्ते आणि पाढ्यांच्या वह्याही येतात. त्यांवर बहुधा मिती नसते, शिक्का नसतो. म्हणून संग्राहक त्या बाजूस टाकतात. आमच्या मतें हें योग्य नव्हे. प्राथमिक शाळेची मांडणी मुलाच्या घराच्या ठिकाणावरून व्हावी कीं त्याच्या अभ्यासाच्या पायरीवरून, या जुन्या वादाचा पुरावा या रद्दींत आहे.

सामान्य समजूत अशी कीं, पेशवाईअखेरची शाळा ही वस्तीची शाळा होती व तींत वर्ग नव्हते. पायऱ्यांची व्यवस्था इंग्रजी अमलानें आणली. आणि ती आल्यावर वस्तीचें महत्त्व संपलें. यांतील पहिलें विधान खरें आहे. पुढचीं दोन आम्हांस मान्य नाहींत.

पंतोजीची शाळा म्हणजे देवळाची ओवरी, एखाद्या गृहस्थाची पडवी, किंवा पंतोजीचेंच घर. जवळपासचीं मुलें तेथें जमत. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानें १३ डिसेंबर १८२३ च्या टिपणांत देशी शाळा सुधाराव्या व वाढवाव्या असा अभिप्राय दिला, आणि पुढच्या वर्षीं कलेक्टरांकडून या शाळांची माहिती मागविण्यांत आली. ते कागद रा. वि. परुळेकर यांनीं संपादून छापल्यामुळें अभ्यासकांची मोठी सोय झाली आहे. १८२९ च्या सुमारास मुंबई इलाख्यांत अशा शाळा सुमारें १७०० व त्यांतील मुलें सुमारें ३४ हजार होतीं. म्हणजे दर शाळेस सरासरी वीस. आतां वीस मुलें, कोणी सहा वर्षांचा, कोणी बारा वर्षांचा, आणि शिकविणारा एक. सर्वांस एकच धडा देणें येथें शक्यच नव्हतें. तेव्हां पंतोजी प्रत्येकास त्याच्या जागेवरून पुढें नेई. प्रथम धूळपाटीवर धुळाक्षरें. हात बसला कीं बोरू व कागद, आणि मोडी कित्ता. त्यानंतर प्रत्यक्ष पत्रें व जुने कागद वाचणें. अंकांची वाट निराळी : उजळणी, पाढे, मग पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी, अडीचकी, औटकी. एकजण पावकीवर अडला म्हणून दुसऱ्याची दिडकी अडत नसे. सर्वांनीं एकदम वरच्या पायरीवर चढण्याचा दिवस ठरलेला नव्हता. मोठा मुलगा पुढें होऊन पाढे सांगे व लहान मागून म्हणत. पायऱ्या होत्या, पण त्या मुलाच्या ठायीं होत्या, खोलीच्या ठायीं नव्हत्या.

‘इयत्ता’ हा शब्दच पाहा. संस्कृतांत त्याचा अर्थ इतकेपणा, परिमाण. अमुक मुलाची इयत्ता किती, म्हणजे त्यास येतें किती. मापाचें हें नांव पुढें वर्गाचें नांव झालें, आणि मुलास इयत्ता असण्याऐवजीं मूल इयत्तेंत बसूं लागलें.

वर्गपद्धतीचा मार्गही वाटतो तितका सरळ नाहीं. डॉ. अँड्र्यू बेल यानें मद्रासेच्या अनाथाश्रमांत असतांना मलबारी मुलें वाळूंत अक्षरें काढतांना पाहिलीं व मुलांकडूनच मुलांस शिकविण्याचा प्रयोग केला. त्याचें पुस्तक १७९७ सालीं निघालें. विलायतेंत ही रीत व लँकेस्टरची तत्सम रीत फोफावली. ३ जून १८१४ च्या खलित्यांत खुद्द कंपनीच्या डायरेक्टरांनीं या रीतीचें मूळ हिंदुस्थानांत असल्याचें कबूल केलें आहे. तरी कांहीं वर्षांतच, आपल्याच ओसरीवरची वस्तु विलायती शिक्का मारून मुंबईस परत आली! मुंबईच्या शाळापुस्तक मंडळीचे चिटणीस कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखालीं तयार झालेले २४ शिक्षक १८२६ सालीं जिल्ह्यांत पाठविण्यांत आले. १८५५ त शिक्षणखातें स्थापन झालें. मग मेजर कँडी यांचीं क्रमिक पुस्तकें, तपासनीस व वार्षिक परीक्षा. पहिलें पुस्तक संपलें म्हणजे पहिली इयत्ता संपली, असा हिशेब बसला.

यावरून आम्ही पंतोजीची थोरवी गात आहों असें कोणी समजूं नये. आळीची शाळा आळीबाहेरच्यास बंद होती, आणि आळी म्हणजे बहुधा जात. महाराच्या मुलास मनाई करण्यासाठीं तेथें नियमाची जरूरच नव्हती. वस्तीची रचनाच तें काम करी. सरकारी शाळेची गोष्ट वेगळी. तिचा दरवाजा सर्वांस खुला असल्याचा बोलबाला होता, म्हणूनच नकार लेखी द्यावा लागला. १८५६ च्या जूनमध्यें, तेव्हां मुंबई इलाख्यांत असलेल्या धारवाडांत, एका महार मुलानें सरकारी शाळेंत प्रवेश मागितला. त्यास घेतल्यास इतर मुलें शाळा सोडतील, या भीतीनें सरकारनें तो नाकारला. १८५८ त केवळ सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळा सर्व वर्गांच्या प्रजेस खुल्या असल्याचा ठराव झाला. पण ठराव कागदावर, आणि मूल वर्गाबाहेर पडवींत, असा प्रकार पुढें कित्येक वर्षें चालला. वर्ग आले तरी आळी शाळेंत शिरून बसली होती.

जोतीराव फुले यांनीं हें मर्म पुरतें ओळखलें होतें असें आम्हांस वाटतें. पुण्यांत १८४८ त भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढल्यावर त्यांनीं पुढच्या शाळांच्या जागा वेगवेगळ्या वस्त्यांत घेतल्या : ३ जुलै १८५१ रोजीं बुधवारांत चिपळूणकर वाडा, १७ सप्टेंबर १८५१ रोजीं रास्ता पेठ, १५ मार्च १८५२ रोजीं वेताळ पेठ. ज्या पोरीस घराबाहेर पाठविण्यासच घरचे तयार नव्हते, ती दूरच्या पेठेंत कशी जाणार? जी वस्ती शाळेस कुंपण होती, तिचाच येथें पायरीसारखा उपयोग केला गेला.

दोन्ही तत्त्वें अद्याप सुटलेलीं नाहींत. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याखालीं महाराष्ट्रानें २०११ सालीं जे नियम केले, त्यांत पहिली ते पांचवी एक किलोमीटरच्या आंत व सहावी ते आठवी तीन किलोमीटरच्या आंत, असें प्रमाण घातलें. इयत्ता व अंतर एकाच वाक्यांत!

आतां कित्त्यांकडे वळूं. एकाच रुमालांत कांपऱ्या हाताचा धुळाक्षरांपुढचा पहिला कागद व त्याच हाताचें सफाईदार पत्र सांपडलें, तर एका मुलाची वाटचाल डोळ्यांपुढें उभी राहते. अशीं पानें ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं तीं मूळच्या रुमालांतून वेगळीं करूं नयेत; घराणें, गांव आणि माहीत असल्यास आळी तेवढी वेगळ्या चिठ्ठीवर टिपून सोबत ठेवावी, पानावर शाई लावूं नये.