वर्धा नदीच्या अलीकडचा कायदा

कळंब (जि. यवतमाळ) – यवतमाळहून वर्ध्याकडे जाणाऱ्या मार्गावरील कळंब हे गाव चिंतामणीच्या मंदिरामुळे सर्वत्र परिचित आहे. अकबराच्या काळातील 'ऐन-ए-अकबरी' या ग्रंथात वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे मुख्य ठाणे म्हणून या गावाची नोंद आहे, ही बाब तुलनेने कमी लोकांना ठाऊक असते. येथून पूर्वेकडे वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. सुमारे शंभर वर्षे ही नदी केवळ जिल्ह्यांची सीमा नव्हती. जमिनीचे दोन निरनिराळे कायदे तिच्या दोन तीरांवर नांदत होते.

लेखी कायद्याचा प्रारंभ म्हटला की रोमच्या बारा पाट्यांचा उल्लेख होतो. कायदा ठाऊक असणारे सारे अधिकारी उमराव कुळांतील, आणि निवाडा मात्र सामान्य प्लेबियन जनतेचा. या अन्यायाविरुद्धच्या दीर्घ झगड्यानंतर इ. स. पूर्व ४५१-४५० मध्ये नियम लिहून जाहीररीत्या लावण्यात आले. त्यांत दया फारशी नव्हती. कबूल केलेले कर्ज तीस दिवसांत न फेडणाऱ्यास सावकार बेड्या घालू शके आणि अखेरीस टायबर नदीपलीकडे विकूही शके. परंतु नियम काय आहे, हे निदान सर्वांना कळले.

मराठी मुलुखातील स्थिती याहून वेगळी होती. येथे लेखनाची वाण कधीच नव्हती. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, साक्षी होत आणि निकालाचा महजर लिहून त्यावर उपस्थितांच्या निशाण्या पडत. निकाल लेखी असे. ज्या नियमाने तो दिला जाई तो मात्र एकतर संस्कृत ग्रंथांत, नाहीतर वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असे. वारसा व वाटणीसाठी विज्ञानेश्वराची 'मिताक्षरा' आणि नीलकंठ भट्टांचा 'व्यवहारमयूख' हे आधार मानले जात. गावच्या शेतकऱ्याला ते वाचता येणे शक्यच नव्हते. मुंबई इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने इंग्रजी पद्धतीचे लेखी नियम आणले, तेव्हा वऱ्हाड निजामाच्या अमलाखाली होते.

१८५३ मध्ये हैदराबादच्या फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा, असा हा विचित्र करार होता. कायद्याच्या भाषेत वऱ्हाड परदेश ठरला. कलकत्त्यास मंजूर झालेला कायदा येथे आपोआप लागू होत नसे; गव्हर्नर जनरलच्या आदेशाने तो वऱ्हाडास लावावा लागे. कोणत्याही विधिमंडळात ज्यांचा शब्द नव्हता, अशा लोकांपर्यंत लेखी कायदा अधिसूचनेच्या वाटेने आला. रोममध्ये तो मागून घ्यावा लागला. येथे तो न मागता आला.

जमिनीच्या बाबतीत मुंबई इलाख्याची रयतवारी मोजणी स्वीकारण्यात आली. प्रत्येक शेताला सर्व्हे क्रमांक, प्रत्येक क्रमांकाला खातेदार आणि आकार ठराविक मुदतीसाठी कायम. हे नियम पुढे १८९६ च्या वऱ्हाड जमीन महसूल संहितेत एकत्र करण्यात आले, तर पाटील व पटवाऱ्यांची कर्तव्ये १९०० च्या स्वतंत्र कायद्याने ठरली. नदीपलीकडे वर्ध्यास मालगुजारी होती: तेथे सरकारशी सारा ठरवी तो मालगुजार, आणि कूळ त्याच्या हाताखाली. कळंबचा शेतकरी मात्र थेट सरकारचा खातेदार होता.

हा लाभ निखळ नव्हता. ज्या खात्यावर नाव चढले, ते गहाण टाकता आणि विकताही येऊ लागले. कापसाचा पैसा, सावकाराचा रोखा आणि दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा यांच्या साखळीत पुष्कळ शेते हातची गेली. दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी १८७९ मध्ये झालेला कर्जनिवारणाचा कायदा पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांपुरता होता.

१९०२ च्या करारान्वये वऱ्हाड वार्षिक २५ लाख रुपयांवर कायमचे भाडेपट्ट्याने घेण्यात आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडले गेले. तत्पूर्वीचा 'वणी जिल्हा' १९०५ मध्ये 'यवतमाळ जिल्हा' झाला. कारभार एकत्र आला तरी कायद्याचे परकेपण सरले नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर वऱ्हाडातील मतदारांनी निवडलेले सदस्यही नागपूरच्या कायदेमंडळात तांत्रिकदृष्ट्या 'नामनियुक्त' म्हणूनच बसत. मतदान करून नेमणूक होण्याचा हा प्रकार क्वचितच अन्यत्र घडला असेल! प्रांतिक स्वायत्ततेनंतर मात्र दोन्ही भागांसाठी एकत्र कायदे होऊ लागले. १९३९ चा मध्य प्रांत व वऱ्हाड कर्जनिवारण कायदा त्यांपैकीच. देशाचे इतर बरेच कायदे वऱ्हाडास एकगठ्ठा लागू करण्यासाठी १९४१ मध्ये 'वऱ्हाड कायदे अधिनियम' करावा लागला.

मालगुजारी १९५१ मध्ये संपली. त्यानंतर १९५४ च्या मध्य प्रदेश जमीन महसूल संहितेने वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील शेतकऱ्यांना भूमिस्वामी व भूमिधारी अशा एकाच वर्गवारीत आणले. महाराष्ट्राची १९६६ ची संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली आणि या शब्दांची जागा 'भोगवटादार वर्ग एक' व 'वर्ग दोन' यांनी घेतली.