कल्पित इजिप्तमधील जाती आणि धंदे

फासे आणि संभाषण यांवर चालणाऱ्या भूमिकाखेळांची नियमपुस्तके हा आपल्या समीक्षेच्या कक्षेत सहसा न येणारा लेखनप्रकार आहे. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत प्रसिद्ध झाला आणि तेव्हापासून अशा पुस्तकांची एक परंपराच तिकडे निर्माण झाली. चारपाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण कथानकाची सूत्रे सांभाळतो, बाकीचे एकेक पात्र धारण करतात. पुस्तक त्यांना एक जग पुरवते: त्याचा भूगोल, त्यातील देवदेवता, राज्यव्यवस्था आणि माणसांचे दर्जे. हे कथावाङ्मय नव्हे आणि इतिहासही नव्हे. पण इतिहासातून काय उचलावे आणि काय टाकून द्यावे याचा निर्णय या पुस्तकांना पानोपानी करावा लागतो. या निर्णयांत एक दृष्टी असते आणि तिची चिकित्सा करणे समीक्षेला शक्य आहे.

प्राचीन इजिप्त हा या पुस्तकांचा आवडता विषय. स्कॉट बेनी यांच्या ‘ओल्ड एम्पायर्स’ (१९९०) या पुस्तकातील मुल्होरँड हा देश उघडच इजिप्तवरून बेतलेला आहे. तेथे देवांचे अवतार आणि त्यांचे पुरोहित राज्य करतात. जादूगारांनी दुसऱ्या जगातून पळवून आणलेल्या गुलामांचे वंशज म्हणजे तेथील प्रजा, अशी त्या देशाची उत्पत्तिकथा आहे. तरीही गुलामगिरी त्या देशात रूढ आहे. ही विसंगती लेखकाला जाणवली असेल तर ती त्याने पुरेशी वापरलेली नाही. ‘गर्प्स इजिप्त’ (१९९८) हे पुस्तक ज्या खेळपद्धतीचे आहे तीत सामाजिक दर्जा गुण मोजून ‘विकत’ घेता येतो. १९८५ च्या ‘अनअर्थ्ड आर्केना’मध्ये तर पात्राचा सामाजिक स्तर फासे टाकून ठरविण्याचे कोष्टकच आहे. जन्म हा योगायोग असतो हे तत्त्व इतक्या निर्विकारपणे क्वचितच मांडले गेले असेल! शिवाय या खेळांच्या परिभाषेत ‘क्लास’ या शब्दाचा अर्थ वर्ग असा नसून धंदा असा आहे. योद्धा, पुरोहित, जादूगार हे ‘क्लास’ होत.

शिखरावर फेरो, त्याखाली पुरोहित, मग योद्धे, कारागीर, शेतकरी आणि तळाशी गुलाम, आणि प्रत्येकाचा धंदा जन्माने ठरलेला: लोकप्रिय कल्पनेतील ही शिडी आली कोठून? तिचा एक उगम ग्रीक आहे. इ. स. पू. पाचव्या शतकात, म्हणजे इजिप्त इराणी अमलाखाली असताना, हिरोडोटसने तेथील लोकांचे सात गट नोंदविले: पुरोहित, योद्धे, गुराखी, डुकरे पाळणारे, व्यापारी, दुभाषे आणि नावाडी. या यादीत शेतकरी नाहीत आणि लेखनिकही नाहीत. नाईलच्या पुरावर आणि धान्याच्या हिशेबावर उभ्या असलेल्या समाजाच्या यादीतून नेमके हेच दोन गट गळावेत, यावरून ती यादी समाजाची नसून परक्या प्रवाशाला जे भेटले त्यांची आहे, असा संशय येतो. दुभाषे आणि नावाडी प्रवाशालाच प्रथम भेटतात. पुढे प्लेटोने ‘टिमिअस’मध्ये आणि डायोडोरसने आपल्या इतिहासग्रंथात ही विभागणी आपापल्या परीने अधिक रेखीव केली.

या गटांना ‘जाती’ म्हणण्यास मात्र भारताशी संपर्क यावा लागला. ‘कास्ता’ हा पोर्तुगीज शब्द सोळाव्या शतकात येथील समाजासाठी वापरला गेला, इतर युरोपीय भाषांत शिरला आणि मग मागे वळून नाईलकाठालाही लावला गेला. प्लेटोची आदर्श श्रमविभागणी म्हणजे इजिप्तमधील जातिव्यवस्थेचेच अथेन्सच्या वळणाचे उदात्तीकरण होय, असे मार्क्सनेही ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) गृहीत धरले आहे. वास्तविक त्याच्या एकोणीस वर्षे आधी, १८४८ मध्ये, झां-झाक आंपेर या फ्रेंच अभ्यासकाने कोरीव लेखांच्या आधारे इजिप्तमध्ये जाती नव्हत्या असे प्रतिपादन केले होते. एकाच घरात पुरोहित आणि सैनिक सापडतात, त्यांच्यात सोयरिकी होतात, हा त्याचा मुख्य पुरावा. पण लोकप्रिय कल्पनेने आंपेरकडे लक्ष दिले नाही.

शिडीचा दुसरा उगम इजिप्शियनच आहे. ‘धंद्यांचा उपहास’ या नावाने ओळखली जाणारी खेतीची शिकवण ही मध्य राज्याच्या काळातील रचना. त्जारू गावचा खेती आपला मुलगा पेपी याला नावेतून राजधानीतील लेखनशाळेत नेत आहे आणि वाटेत एकेका धंद्याची दैना त्याच्या कानी घालीत आहे. परीट मगरीच्या शेजारी कपडे धुतो, विणकराला उजेड पाहण्यासाठी दाराशी बसलेल्याला लाच द्यावी लागते. लेखनिक तेवढा सुखी. ही रचना शाळेत गिरविण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, म्हणून तिच्या प्रती विपुल आहेत. बहुतेक रामेसिस राजांच्या काळातल्या. ज्यांनी ती लिहिली आणि ज्यांनी गिरवली ते सारे लेखनिकच होते, हे विसरून तिला समाजाचे यथातथ्य चित्र समजले जाते. उलट, सरहद्दीवरच्या गावातला एक माणूस मुलाला वेगळ्या धंद्याला लावू पाहतो, ही तिची चौकटच जन्मसिद्ध धंद्याच्या कल्पनेला तडा देणारी आहे.

येथे मराठी वाचकापुढे एक अडचण उभी राहते. ‘परीट’ हा शब्द मी वर सहज लिहून गेलो. त्याच रचनेत कुंभार आहे, न्हावी आहे, सुतार आहे, चामड्याच्या वहाणा करणारा आहे. यांपैकी कोणताही शब्द मराठीत उमटला की तो धंद्याचे नाव राहत नाही. त्याच्यामागे गाव, बलुते, आळी आणि सोयरीक उभी राहते. इजिप्शियन न्हावी गल्लोगल्ली गिऱ्हाईक शोधीत हिंडतो. आपल्याकडच्या बलुतेदार न्हाव्याची घरे ठरलेली असत. इंग्रजी कल्पितात ‘कास्ट’ हा शब्द धंद्याचा अर्थ देतो, तर मराठी भाषांतरात धंद्याचा शब्द जातीचा अर्थ देतो. दोन्हीकडे चूक आहे, परंतु दुसऱ्या चुकीला किंमत मोजलेली माणसे आहेत.

केतकरांनी १९०९ च्या आपल्या ग्रंथात जन्माने मिळणारे सभासदत्व आणि बाहेर विवाह करण्यास बंदी ही जातीची दोन लक्षणे सांगितली. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात ती तपासून पाहून बेटीबंदी हेच जातीचे मर्म ठरविले. ही कसोटी इजिप्तला लावली तर काय दिसते? थीब्जच्या पश्चिमेस देर अल्-मदीना येथे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचे गाव होते. तेथे बापाची जागा मुलाला मिळावी अशी खटपट चाले आणि ती बरेचदा सफलही होई. वंशपरंपरा खोटी नव्हती. पण त्याच गावातील नाउनाख्ते ही स्त्री पहिल्यांदा केनहेरखेपेशेफ या लेखनिकाची पत्नी होती आणि नंतर खाएमनून या कारागिराची. पाचव्या रामेसिसच्या तिसऱ्या वर्षी केलेल्या मृत्युपत्रात, म्हातारपणी आपल्याला न पाहणाऱ्या मुलांना तिने आपल्या मिळकतीतून वगळले. केनहेरखेपेशेफ हा स्वतः रामोसे नावाच्या लेखनिकाच्या हाताखाली शिकला आणि त्याच्या जागी आला. तो त्याचा औरस पुत्र नव्हता. पुरोहितपणाही अनेकांच्या बाबतीत पाळीचा असे: चार तुकड्या, प्रत्येकीस एकेक महिना, उरलेल्या काळात आपापले व्यवहार. उत्तरकाळात पुरोहितपद अधिक घट्टपणे वंशपरंपरेने जाऊ लागले आणि हिरोडोटसने पाहिले ते हे.

हिरोडोटसच्या सात गटांपैकी एकाच गटाविषयी त्याने बेटीबंदी सांगितली आहे: डुकरे पाळणाऱ्यांविषयी. ते जन्माने इजिप्शियनच, पण त्यांना देवळात प्रवेश नाही. त्यांना कोणी मुलगी देत नाही, त्यांची करीत नाही. डुकराचा चुकून स्पर्श झालेला माणूस अंगावरच्या कपड्यांसह नदीत बुडी मारतो. हे वाचताना मराठी वाचकाला परके वाटत नाही. त्याच्या आधी सुमारे नऊशे वर्षे अमार्ना येथील कारागिरांच्या वस्तीत डुकरे पाळण्याची खुराडी होती, असे उत्खननात दिसून आले आहे. म्हणजे हा विटाळ सार्वकालिक नव्हता, किंवा सर्व थरांत सारखा नव्हता. तरीही आपल्या अर्थाने जिला ‘जात’ म्हणता येईल असा यादीतील गट हा एवढाच.

माझ्या पाहण्यात आलेल्या कल्पित इजिप्तांतून पुरोहित आहेत, योद्धे आहेत, थडगी लुटणारे तर हमखास आहेत. डुकरे पाळणारा नाही. गुलाम असतो, कारण त्याला मुक्त करण्याचे साहस खेळाडूला करता येते. देवळाच्या दाराबाहेर उभ्या असलेल्या स्वतंत्र माणसाच्या बाबतीत खेळाडूने काय करावे, हे कोष्टकात बसत नाही. इजिप्तच्या कागदपत्रांत मात्र याहून अवघड गोष्टी सापडतात. अकराव्या रामेसिसच्या काळातील एका पपायरसनुसार एका निपुत्रिक दांपत्याने दासी विकत घेतली, तिला तीन मुले झाली; पतीच्या मृत्यूनंतर पत्नीने त्या तिघांना मुक्त करून दत्तक घेतले, आणि तिचा धाकटा भाऊ पादिऊ याने त्यांतील थोरल्या मुलीशी लग्न केले. त्यालाही तिने दत्तक घेतले आणि आपल्या मिळकतीत त्या भावंडांच्या बरोबरीचा वाटा दिला.