बॉडीबिल्डिंग आणि ॲनाबॉलिक स्टेरॉईड : डोस, दुष्परिणाम आणि धोके

ॲनाबॉलिक स्टेरॉईड म्हणजे टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम रूपे. दमा किंवा संधिवातावर डॉक्टर देतात ती स्टेरॉईड वेगळी. त्यांनी स्नायू वाढत नाहीत.

डोस किती?
निरोगी पुरुषाचे शरीर रोज साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. ते कमी पडणाऱ्या रुग्णाला आठवड्याला साधारण ७५ ते १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन दिले जाते. जिममध्ये मात्र याच्या कित्येक पट, तेही दोन-तीन औषधे मिसळून घेतली जातात. काही आठवड्यांच्या या फेरीला 'सायकल' म्हणतात. 'सुरक्षित सायकल' मात्र कोणतीच नसते.

शरीरात काय होते?
बाहेरून संप्रेरक मिळाले की मेंदू वृषणांना काम करण्याचा संदेश देणे थांबवतो. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात. चांगले कोलेस्टेरॉल कमी होते, हृदयाचा स्नायू जाड होतो. गोळ्यांमुळे यकृताला इजा होते. पुरुषांचे स्तन वाढू शकतात, स्त्रियांचा आवाज कायमचा घोगरा होऊ शकतो. किशोरवयात उंची खुंटते.

खेळाडूंचे काय?
तीनदा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव यांच्या नमुन्यात २०१६ साली मेथॅन्डिएनोन हे स्टेरॉईड आढळले. कोणीतरी मुद्दाम मिसळल्याचा त्यांचा दावा क्रीडा लवादाने फेटाळला. रिओ ऑलिम्पिक हुकले, चार वर्षांची बंदी आली.

घेत असाल तर?
सोडल्यानंतर कित्येक महिने थकवा आणि नैराश्य येऊ शकते, म्हणून डॉक्टरांना सगळे खरे सांगून त्यांच्या देखरेखीखाली सोडा. छातीत दुखले, धाप लागली किंवा डोळे पिवळे झाले तर लगेच रुग्णालय गाठा.